भोपळे घेऊन मालवणला

३ फेब्रुवारी १९७८, कारंजा

मालवणला जायचं नक्की झालं. अकोल्याहून ट्रंक कॉल आला. व्यवस्थापकांनी स्वतः दुजोरा दिला. वर्तमानपत्राला पंचवीस वर्षं झाली म्हणून जुन्या वार्ताहरांना सपत्नीक आठवडाभर समुद्रकाठी पाठवताहेत. वाळूवर झोपड्यांचं विश्रामधाम आहे म्हणे. होडीतून सफर, किल्ला, पोहणं — सगळं कार्यालयाकडून. आयुष्यभर कापसाचे भाव पाठवले, त्याचं हे फळ! आनंद झाला. खोटं कशाला लिहू?

भागिरथा भाकरी थापत होती. हात न थांबवता तिने एवढंच विचारलं, "पोहणं शिकवतेत का तिथं?"

"शिकवतात म्हणे."

"मंग चाला."

जसं काही न येण्याचाही विचार होता!

४ फेब्रुवारी

पोहण्याचं तिच्या डोक्यात का बसलंय ते मला ठाऊक आहे. गेल्या पावसाळ्यात आसेगावला तिची भाची गंगू विहिरीत पडली. शेषरावची — भागिरथेच्या भावाची — पोरगी, नऊ वर्षांची. विहीर दौलतराव पाटलांच्या मळ्यातली, निंदणाच्या बाया तिथेच पाणी पितात. भागिरथा काठावर होती. आणखी चार बाया होत्या. एकीलाही पोहता येत नव्हतं. सगळ्या नुसत्या ओरडत राहिल्या. तांड्यावरचा बाबूसिंग बैल घेऊन त्या बाजूने चालला होता. त्याने उडी टाकली म्हणून पोर वाचली.

घरी आल्यावर भागिरथा म्हणाली होती, "बाबूसिंग रोज थोडाच येऊन राह्यला तिथून!" तेव्हापासून हे चाललंय. स्वतः शिकायचं आणि गंगूला शिकवायचं.

ती तरी लहानपणी शिकणार कुठे? आम्ही बौद्ध झालो छप्पन्न साली. त्याआधी त्याच विहिरीपासून आमची माणसं लांब उभी राहायची. पाटलांच्या घरची तेव्हाची नवी सून, दौलतरावांची बायको रंगूबाई, वरून पाणी ओतायची, खाली भागिरथेची घागर. शिंतोडा उडू नये म्हणून ती बरंच उंचावरून ओतायची. निम्मं पाणी मातीत जायचं.

७ फेब्रुवारी, रेल्वेत

सामानात दोन वाळलेले कडू भोपळे आहेत! खेड्यात पोरं पोहायला शिकतात तेव्हा अंगाला बांधतात ते. शेषरावकडून मागवून घेतले, देठाला मेण लावलं, लुगड्यात गुंडाळले. मूर्तिजापूरच्या फलाटावर हमालाने उचलून पाहिले. "बाई, हे तं पोकळ हायेत!"

"तुयं डोस्कं बी हलकंच हाय, मी काही म्हटलं का?"

डब्यात पुढचा तासभर हसणं चालू होतं. माझंही.

९ फेब्रुवारी, मालवण

पोहोचलो. घाट उतरताना एसटीत भागिरथेला मळमळलं, पण खिडकीतून समुद्र दिसला आणि मळमळ विसरली.

संध्याकाळी वाळूवर उभी राहिली. दोन्ही टोकांपर्यंत मान वळवून पाहिलं. मग म्हणाली, "एवढं पाणी अन् राखणदार कोणीच नाई!"

मी एवढ्या वर्षांत असं वाक्य लिहिलेलं नाही.

झोपडी माडांखाली. जेवायला बांगडा. आचाऱ्याने भोपळे पाहून विचारलं, "वैनी, ह्येंची भाजी करू काय?"

१० फेब्रुवारी

आज फजिती. पण कशी लिहू — चांगली फजिती.

पोहायला शिकवणारे जिवा तांडेल. तांडेल म्हणजे मासेमारीच्या होडीचा प्रमुख. आता वय झालंय, विश्रामधामाची होडी चालवतात. कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले आणि हाक मारली. भागिरथा लुगड्याचा कासोटा घट्ट मारून, दोन्ही भोपळे पोटावर बांधून आत गेली. पाण्यात पालथी पडली मात्र, भोपळ्यांनी तिला गर्रकन उताणी केली! पुन्हा पालथी. पुन्हा उताणी. पुण्याचं एक जोडपं हसून हसून वाळूत बसलं.

तांडेल ओरडले, "अगे बाये, भोपळो पाठीर बांधूचो असता, पोटार नाय!"

तिला हे कोण सांगणार? विहिरीजवळ जायची मुभा नव्हती. तिने फक्त पोरांना घरी परतताना पाहिलं होतं, रस्त्यावरून, लांबून. भोपळे त्यांच्या गळ्यात, पुढे लोंबत. तिला वाटलं, ते पुढेच बांधायचे. मलाही तसंच वाटलं होतं. आम्ही दोघंही लांबूनच पाहणारे!

मला वाटलं आता ती रडेल. ती तशीच उताणी पडून राहिली. हात पसरलेले, कान पाण्यात. तांडेल सोडवायला गेले तर म्हणाली, "राहू द्या, दादा. आभाय दिसून राह्यलं."

तांडेल म्हणाले, "रव तशीच. तरंगाक तर आलाच तुका!"

जे शिकायला लोकांना दिवसचे दिवस लागतात ते तिला चुकून आलं.

११ फेब्रुवारी

भोपळे पाठीवर. नाकातोंडात पाणी. एका लाटेने तिला उचलून माझ्या पायाशी आणून टाकलं. मी गुडघाभर पाण्याच्या पुढे जात नाही. ती खोकत खोकत म्हणाली, "तुमी काठावरचेच वार्ताहर!"

१२ फेब्रुवारी

होडीने किल्ल्यावर. होडी एवढी हलली की मी दोन्ही हातांनी फळी धरली. भागिरथा पुढे बसली, तोंडावर पाणी घेत. किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर आहे, चारी बाजूंनी खारा समुद्र असून! तिने वाकून खूप वेळ पाहिलं. पाणी काढणाऱ्या बाईने विचारलं, "पाणी पिशात काय, बाय?" आणि कळशी तिच्याच हातात दिली. भागिरथा स्वतःच ओतून घेऊन प्यायली. मलाही दिलं. गोड होतं.

१३ फेब्रुवारी

पहाटे कोळ्यांनी किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढलं. आम्हालाही दोराला लावलं. हातांची सालटं निघाली. वाट्याला आलेले मासे आचाऱ्याने तळून दिले. दुपारी ती एका भोपळ्यावर पोहली. पुण्याच्या बाई आता तिच्याजवळ जाऊन विचारतात, पाय कसे मारायचे!

१४ फेब्रुवारी

भोपळा सोडला. तांडेलांची होडी पुढे, ती मागे. मी काठाने चालत होतो, मग चालणं थांबवून पाण्यात कमरेपर्यंत कधी शिरलो ते कळलंच नाही. मध्येच तिचं डोकं दिसेना. मी आणखी एक पाऊल आत टाकलं. मग दिसलं. होडीला हात लावून, केस कपाळावर, हसतेय.

तांडेल म्हणाले, "विहिरीत लाट नसता. थंय तू राणी!"

वाकून नमस्कार केला त्यांना दोघांनी. ते संकोचले. भागिरथेने एक भोपळा त्यांना द्यायला काढला. ते म्हणाले, "हो खोबऱ्याचो मुलूख, आमची पोरां सुके नारळ बांधून शिकतत. तुझो भोपळो तुज्या भाचीक ने."

१७ फेब्रुवारी, कारंजा

परत आलो. बाजार समितीत कापसाच्या गाड्यांची रांग. बातमी दिली. मन मात्र खाऱ्या वाऱ्यात.

१९ फेब्रुवारी, आसेगाव

शेषरावला सांगितलं, गंगूला पोहणं शिकवायचंय. तो पाटलांच्या मळ्याकडे पाहू लागला. समुद्र वेगळा, विहीर पाटलांची. प्यायला आता कोणी अडवत नाही, पण आमची पोर त्या पाण्यात उतरणार, हे कोणी विचारलेलं नव्हतं. शेषराव त्यांच्याकडेच सालदार, वर्षाच्या बोलीवर राबणारा. त्याने भीत भीत विचारलं. दौलतराव म्हणाले, "पाहू."

भागिरथेने ऐकलं. भोपळे शेषरावच्याच घरी छताला टांगले.

२६ फेब्रुवारी

अजून काही नाही.

५ मार्च, आसेगाव

अजून नाही. शेषराव म्हणतो, "पाटील नाई म्हणत नाई, हो बी म्हणत नाई. मी काहून फिरून फिरून विचारू? साल जाईन हातचं." त्याचंही खरं आहे. भागिरथा त्याच्यावर रागावली नाही. गंगूला अंगणात खाटेवर पालथी पाडून पाय मारायला शिकवते. खाट करकरते, पोर खिदळते. शेजारच्या लिलाबाई विचारून गेल्या, "खाट घेऊन कुठं निघाली वं तुमची गंगू?"

एवढं मिळालं तरी पुष्कळ, असं मी तिला म्हणालो. ती म्हणाली, "तुमाले पुष्कळ. खाटेवर कोणी बुडत नाई."

११ मार्च, आसेगाव

होकार आला. शेषरावने सांगितलं, मी दोनदा विचारून घेतलं. पण होकार दौलतरावांचा नाही, रंगूबाईंचा. संध्याकाळी त्या स्वतः मळ्यातून शेषरावच्या अंगणापर्यंत आल्या. खाटेवर बसा म्हटलं तर बसल्या. भागिरथेकडे न पाहता म्हणाल्या, "गंगू पडली तवा मी बी काठावरच होती वं. मले बी कुठं येते पोहणं?" मग पदर सावरत, "माह्या दोन नाती हायेत. त्याईले बी उतरवशीन का गंगूसंगं?"

भागिरथा उठली, छताला टांगलेले भोपळे काढले.

गंगूने विचारलं, "आत्या, पुढं बांधू का मांगं?"

"पयल्या दिवशी पुढं. तिघीजणी आधी आभाय पाहून घ्या."

उद्या सकाळी, ऊन विहिरीत उतरलं की.