कोरलला वेळ द्यायला हवा

९ ऑक्टोबर २०१६, रविवार. र्युसेल्सहाइम.

आज नाश्त्याला दीपाने जाहीर केलं. आबिटूरची, म्हणजे इथल्या बारावीची, परीक्षा झाली की तिला पार्टी नको, लॅपटॉप नको. बाबांबरोबर कॅरिबियनमध्ये डायव्हिंगला जायचंय. हे सगळं जर्मनमध्ये, ब्र्योटशेन पावाला बटर लावता लावता. मी मराठीत विचारलं, आईचं काय? तर म्हणाली, आई पण. पण बाबा नक्की. पुढच्या वर्षी या दिवसांत ती कार्ल्सरूहेला शिकायला गेलेली असेल, मग कुठलं तिघांनी मिळून जाणं.

पोरगी माझ्याकडे हल्ली वायफायचा पासवर्डसुद्धा मागत नाही. तिने आपणहून काही मागितलं म्हणून छाती भरून आली. मी म्हटलं, गेनाऊ. ठरलं.

बेट मीच निवडलं. नाव इथे लिहीत नाही. वही कोणाच्या हाती लागली तर उगाच गर्दी व्हायची. तिथे बोट लागत नाही. गाडी किनाऱ्यावर लावायची, टाकी पाठीला बांधायची आणि चालत समुद्रात शिरायचं. याला शोअर डायव्हिंग म्हणतात. आता चालण्यात मी कोणाला ऐकत नाही.

१० ऑक्टोबर.

क्रांतीने विचारलं, अहो, पण तुम्हाला पोहता कुठे येतं? वीस वर्षांचा संसार आणि हा विश्वास. माझं सगळं लहानपण नागपूरला अंबाझरी तलावाच्या काठी गेलंय. ती म्हणाली, काठीच ना. बायकांना वाद घालायची सवय असते. मी पेपर उघडला.

१६ ऑक्टोबर.

फार वाईट बातमी. बेटाच्या जवळून वादळ गेलं. एरवी जी बाजू शांत असते तिथेच लाटा आपटल्या. किनाऱ्यालगतचं उथळ कोरल मोडून पडलंय. पाण्यात उतरायच्या पायऱ्या एक-दोन ठिकाणी वाहून गेल्या. दीपाने फोटो दाखवले, नुसता पांढरा राडारोडा. तिच्या डोळ्यांत पाणी.

मलाही वाईट वाटलं. नंतर जरा हलकंही वाटलं. का ते कळलं नाही. चहामुळे असेल.

३० ऑक्टोबर.

वादळानंतरच्या कोरलबद्दल सध्या माझ्याइतकं वाचन अख्ख्या र्युसेल्सहाइममध्ये कोणाचं नसेल. निष्कर्ष: घाई नको. कोरलला वेळ द्यायला हवा. लेखी परीक्षा संपताच ईस्टरच्या सुट्टीत जायचं चाललं होतं, ते मी जुलैवर ढकललं. दीपा म्हणाली, खोलवरचं कोरल शाबूत आहे, माझ्या डायव्हिंग क्लबातले लोक सांगतात. मी म्हटलं, प्रश्न खोलीचा नाही, नैतिकतेचा आहे. आजारी माणसाच्या घरी आपण लगेच जेवायला जातो का? ती उठून खोलीत गेली. पटलं असावं.

२ नोव्हेंबर, बुधवार.

ऑफिसात केतनला सगळं सांगितलं. हाही नागपूरचाच, ब्रेकच्या टेस्टिंगला माझ्या शेजारी बसतो. म्हणाला, दादा, आधी पोहायचा क्लास लावा ना. मी त्याला शोअर डायव्हिंग समजावून सांगितलं. तो हो हो म्हणाला, पण कॉफी संपायच्या आधीच उठून गेला.

क्रांती उशिरा आली, केस ओले. बुधवारी तिचा कसला तरी क्लास असतो. फ्रेंच असावा. छत्री न्यायची सवयच नाही बाईला.

१ जानेवारी २०१७.

संकल्प. रोज श्वास रोखायचा सराव. गोड बंद. बुधवारी हालेनबाडमध्ये, म्हणजे इथल्या छताखालच्या तरणतलावात, उवेच्या डायव्हिंग कोर्सला जायचं. उवे म्हणजे दीपाच्या क्लबातला मास्तर. दीपाने माझं नाव परस्पर घातलंय.

संध्याकाळी. श्वास रोखला. क्रांतीला वाटलं मी रागावलोय. तिने गुलाबजाम आणून दिले. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

९ जानेवारी.

ऑफिसात वर्षभराच्या उरलाउबचा, म्हणजे सुट्ट्यांचा, तक्ता भरला. जुलैपुढे मी प्रश्नचिन्ह टाकलं. बॉसबाई येऊन म्हणाल्या, प्रश्नचिन्ह चालत नाही, सुट्टी असते किंवा नसते. मी त्यांना कोरलच्या परिस्थितीची कल्पना दिली. त्यांनी प्रश्नचिन्ह खोडून सुट्टी मंजूर केली. यांचं हे असं आहे. कोणी मागे फिरायला जागाच ठेवत नाही.

१८ जानेवारी, बुधवार. सर्दी. कोर्सला गेलो नाही.

२५ जानेवारी, बुधवार. सर्दी गेली, पण परत येईल असं वाटतंय.

१ फेब्रुवारी, बुधवार.

आज गेलो. छातीपर्यंत उतरलो. उवे भला माणूस आहे. म्हणाला, आता चेहरा पाण्यात. मी म्हटलं, आल्झो, आधी थिअरी पूर्ण करू. तो म्हणाला, थिअरी मागच्या आठवड्यात झाली. मग मी मास्क तपासला. हे मास्क जर्मन नाकांच्या मापाचे असतात, आमच्या नाकावर ते बसत नाहीत, हे मी त्याच्या लक्षात आणून दिलं. त्याने दुसरा दिला. तोही जर्मनच.

शेजारी पहिलीतली पोरं धबाधब उड्या मारत होती. त्यातल्या एकीने विचारलं, तुम्ही कोणाची वाट बघताय का. मी हो म्हटलं.

दीपा पलीकडे खोल पाण्यात होती. वर आली तेव्हा माझ्याकडे बघून हात हलवला. मीही हलवला. कठडा एकाच हाताने धरला होता, ही प्रगतीच. घरी आल्यावर तिला सांगितलं, बेसिक झालं, आता पुढचं बेटावरच. मीठ असतं म्हणून समुद्रात माणूस आपोआप तरंगतो. ती म्हणाली, बाबा, डायव्हिंगला तरंगायचं नसतं. या पिढीला सगळं उलटं शिकवतात.

५ मार्च.

तिकिटं काढली. दीपाने अॅमस्टरडॅमवरून थेट विमान शोधलं होतं. मी सगळा अभ्यास करून अमेरिकेवरून जाणारं घेतलं, कारण त्यात प्रत्येकी दोन बॅगा फुकट. थेट विमानात एकच. एका बॅगेत काय होतं? कुकर, तांदूळ, तूरडाळ, सावजी मसाला, भडंग, ठेचा. तिथल्या खाण्याचं काय ते कोणी सांगावं, त्यातून आत्ताच वादळ होऊन गेलेलं. दीपा म्हणाली, आपण दहा दिवस चाललोय. मी म्हटलं, म्हणूनच.

सहा बॅगा. आपल्याइतका पूर्वतयारीचा माणूस शोधून सापडणार नाही.

१५ एप्रिल.

बाबासाहेबांची जयंती काल होती, पण काल कारफ्राइटाग, म्हणजे गुड फ्रायडे, त्या दिवशी या राज्यात नाचगाण्याला बंदी. म्हणून कार्यक्रम आज. हॉल भरलेला. पार लांबच्या उंटरश्लाइसहाइमहूनसुद्धा मंडळी आली होती. जेवणाच्या रांगेत कोणीतरी विचारलं, दीपा डायव्हिंग करते म्हणे? मी म्हटलं, आम्ही दोघं करतो. मग विषय निघालाच. प्रवाह, दाब, कोरलचं आरोग्य, सगळं सांगितलं. एक काका म्हणाले, आपल्या समाजातून समुद्राच्या तळाशी जाणारा पहिलाच बाप दिसतोय. माईक माझ्या हातात दिला. मी बोललो. काय बोललो ते नीट आठवत नाही, टाळ्या बऱ्याच पडल्या.

दीपा दाराशी उभी होती. मला वाटलं तिला अभिमान वाटला असेल. गाडीत मात्र तिने कानात हेडफोन घातले.

१० मे, बुधवार.

क्रांतीने जेवताना एक कार्ड टेबलावर ठेवलं. तिचा फोटो. ती सर्टिफाइड डायव्हर झाली आहे. ती. क्रांती. जी पाच वर्षांपूर्वी बाथटबमध्ये उतरायला घाबरायची.

मी विचारलं, मग फ्रेंचचं काय? ती म्हणाली, कुठलं फ्रेंच, मी तुम्हाला तीनदा सांगितलं, तुम्ही कोरलचं वाचत होतात. आधी दुसऱ्या तलावात पोहायचा क्लास, मग मार्चपासून उवेचा कोर्स. कानात पाणी जायचं, रडू यायचं, तरी जात राहिले म्हणाली. मी अभिनंदन केलं. मनापासून केलं, मग कार्ड मागून-पुढून तपासलं.

ती पुढे हळूच म्हणाली, अहो, तुम्ही दीपाशी एकदा मोकळेपणाने बोला ना. मी विचारलं, कशाबद्दल? तिने ताटं उचलली.

८ जून.

दीपाची शेवटची तोंडी परीक्षा झाली. मार्क फार छान. उद्यापासून मी कंबर कसून पोहणं मनावर घेतोय.

९ जून. घशात खवखव.

२५ जून.

अमेरिकेवरून जायचे फॉर्म भरायला बसलो. क्रांती आणि दीपाकडे जर्मन पासपोर्ट आहे. त्यांचं ऑनलाइन पाच मिनिटांत झालं. माझा भारतीय. जर्मन घ्यायची परीक्षा फार सोपी आहे म्हणूनच मी दिली नाही, आणि घरात एकाने तरी आपला पासपोर्ट राखायला हवा. तर या आपल्या पासपोर्टाला अमेरिकेच्या विमानतळावर नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो. बाहेर पाऊल टाकायचं नाही, तरी व्हिसा. मुलाखतीची पहिली तारीख ऑगस्टची. विमान पंधरा जुलैला.

हे मला कोणीही सांगितलं नाही. सहा बॅगांचा मजकूर पाठ, आणि हे नाही. ऑफिसातल्या केतनला फोन केला. तो म्हणाला, दादा, हे तर आपल्याकडे सगळ्यांना माहीत असतं. मग मला का नसावं?

२६ जून.

मी ऑफिसातून येताना दीपा मला स्टेशनवर घ्यायला आली. असं ती कधी येत नाही. फोनवर दाखवलं, त्याच दिवशी अॅमस्टरडॅमवरून एक जागा शिल्लक आहे. एकच. बाबा, तुम्ही यावरून या, आपण तिथे भेटू. आणि हे ती मराठीत म्हणाली. मोडक्यातोडक्या मराठीत, पण मराठीत. मी किती वर्षांनी ऐकलं.

मला हो म्हणायचं होतं. तोंडही उघडलं होतं. डोळ्यांपुढे हालेनबाडचं पाणी आलं आणि उवेचं 'आता चेहरा पाण्यात'. मी म्हटलं, त्यात बॅग एकच नेता येते, बेटा. आणि कोरलही अजून सावरलेलं नाही. एक माणूस कमी आला तर त्याला बरंच.

तिने फोन खिशात घातला आणि जर्मनमध्ये म्हणाली, ठीक आहे.

रात्री झोप शांत लागली. याची लाज वाटते.

१५ जुलै, शनिवार.

विमानतळावर दोघींना सोडून आलो. चारच बॅगा गेल्या. माझ्या दोन परत आणल्या. एस-बान लोकलमध्ये कुकर मांडीवर घेऊन बसलो होतो. समोरच्या बाईंनी विचारलं, सुट्टीवरून आलात का? मी हो म्हटलं.

१७ जुलै.

फोन आला, पोचल्या. मजेत आहेत. इकडे ऑफिसला गेलो. बॉसबाई म्हणाल्या, तुमची सुट्टी मंजूर आहे, तुम्हाला इथे बसता येणार नाही. घरी आलो. भडंग खातोय.

२२ जुलै, शनिवार.

आज दीपाशी व्हिडिओवर बोललो. मागे भाड्याची पिकअप गाडी, त्यामागे समुद्र. केस ओले, नाकावर मास्कचा वळ. काठाजवळ सगळा चुरा आहे म्हणाली, त्यावरून जपून चालावं लागतं. पण उतार लागला की खाली सगळं जिवंत आहे. आईने कासव बघितलं आणि वर येऊन रडली.

मी म्हटलं, यायला हवं होतं मी. पुढच्या वर्षी नक्की. दोन क्लास लावतो, आपण दोघं खाली जाऊ.

ती म्हणाली, बाबा, तुम्ही खाली यावं असं मी कधी म्हटलंच नव्हतं. तुम्हाला पोहता येत नाही हे मला बालवाडीपासून माहीत आहे. मी म्हटलं, मग उवेकडे माझं नाव का घातलंस? ती म्हणाली, तुम्हीच सगळ्यांना सांगत सुटला होतात, मला वाटलं मनातून शिकायचंय. मग हॉलमध्ये माईकवर बोललात, त्यानंतर मी कसं सांगणार?

मग हवं काय होतं, मी विचारलं. तिने फोन फिरवून किनारा दाखवला. इथे बोट नसते, म्हणाली. आम्ही पाण्यात गेलो की किनाऱ्यावर कोणीतरी थांबतं. गाडीजवळ खुर्ची टाकून बसायचं, घड्याळाकडे बघायचं, वर आलं की टॉवेल द्यायचा. सगळ्या घरांतलं कोणी ना कोणी बसलेलं असतं. शेजारी एक डच आजोबा रोज बसतात, त्यांनाही पोहता येत नाही. वर आल्यावर मला पहिल्यांदा तुम्ही दिसायला हवे होतात.

मी विचारलं, आता तुमच्या गाडीजवळ कोण बसतं? कोणी नाही, म्हणाली. मी पुढच्या वर्षाचं परत काढलं, तर पुढच्या वर्षी ती कार्ल्सरूहेच्या मित्रमैत्रिणींबरोबर जाणार आहे. मी म्हटलं, बरं. तिने हात हलवला आणि फोन ठेवला.

केव्हाचा टेबलाशी बसून आहे. फार वाईट वाटतंय. नुसतं बसायचं होतं. ते मला जमलं असतं.