रावजीकाकांसाठी ये

रत्नागिरी

आईस लेकाचा नमस्कार.

फोन उचलत नाहीस, म्हणून ही चिठ्ठी मंडणगडच्या एसटीतून पाठवतोय. भाऊमामा अजून इस्पितळातच आहेत, सकाळी थोडी पेज घेतली. तुझा गुडघा कसा आहे?

रावजीकाकांना मात्र वॉर्डात सोडत नाहीत. वॉचमनने विचारलं, "नातं काय?" तीस वर्षं मामांसोबत संसार केलेला माणूस मान खाली घालून म्हणाला, "शेजारी." मी ओरडलो, "जोडीदार आहेत ते!" मलाही बाहेर काढलं.

नर्स सांगते, मामा त्यांनाच हाका मारतात, गोळीला तोंड उघडत नाहीत. तू सख्खी बहीण, डॉक्टर तुझं ऐकतील.

ज्याच्यापायी मी कॉलेज सोडलं, त्या ओमकारबद्दल तू कधीच विचारलं नाहीस. उद्या मी असा पडलो, तर त्याला माझ्यापाशी बसू देशील?

राग आला असेल तर इथे येऊन थोबाडीत मार. पण ये.

तुझाच,
मयुरेश