आधी सम्यका जाणार म्हणे

८ फेब्रुवारी
नळ आजही नाही. टँकर गल्लीच्या तोंडाशीच रिकामा झाला. दोन घागरी मिळाल्या त्यावर भागवलं.
शाळेतल्या जर्मनच्या मॅडमनी तिसरीच्या पोरांना सांगितलंय, घरातल्या वस्तूंना नावं चिकटवा आणि आईला शिकवा. सम्यकाने पाण्याच्या ड्रमवर खडूने लिहिलं, वासर. देवनागरीत, माझ्यासाठी. दाराला चिठ्ठी, खिडकीला चिठ्ठी, सासूबाईंच्या काठीला पण. माझ्या पाठीवर चिकटवली: मुटर. म्हणजे आई.
सासूबाईंना शुगर आहे. त्यांच्यापुढे चहा ठेवताना स. ओरडते, "आजी, ओने त्सुकर!" बिनसाखरेचा. मग नळाकडे हात करून, "ओने वासर!" सासूबाई म्हणाल्या, "लई वांड हाय ही." खूप दिवसांनी तिघी हसलो.

१४ फेब्रु., रवि.
ह्यांचा फोन. जर्मनीतल्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागून दोन वर्षं होतील आता. बापलेक जर्मनमध्येच बोलतात, मी आपली फोन धरायला. शेवटी मला म्हणाले, "सम्यकाचं जर्मन पक्कं झालंय. इकडची शाळा ऑगस्टमध्ये सुरू होते. तिला आधी नेतो. तू परीक्षा पास झालीस की ये."
बायकोला जर्मनची पहिली परीक्षा पास झाल्याशिवाय व्हिसा नाही. लेकराला ती अट नाही. आणि मी एकदा नापास झालेली.
म्हटलं, तुमची रात्रपाळी असते, पोर राहील कुणाजवळ? म्हणाले, शेजारी केरळचं कुटुंब आहे, चांगले लोक आहेत.
आठ वर्षांची पोर. केरळच्या शेजाऱ्यांकडे. स. तिथेच बसून चित्र रंगवत होती.

१६ फेब्रु.
भाजीत मीठ दोनदा पडलं. सासूबाईंना विचारलं, तुम्हाला काय वाटतं? त्या म्हणाल्या, "बाप हाय तो तिचा."

२० फेब्रु., शनि.
नांदेडचा जर्मनचा क्लास. लोह्याच्या स्टँडवर आईने खिडकीतून डबा दिला. तिला काही सांगितलं नाही, सांगितलं असतं तर गाडीतून उतरलेच असते.
सर म्हणाले, तोंडी परीक्षेत कुटुंबाबद्दल विचारतात, नवऱ्याचं नाव सांगा. शेवटी तोंडातून निघालं, "सम्यकाचे पप्पा." तेही मराठीत. नर्सिंगच्या पोरी फिदीफिदी हसल्या. त्यांचं बरोबर आहे, त्यांची लग्नं व्हायचीत.
मागच्या वेळी पुण्यात परीक्षेलाही इथेच अडकले आणि पुढचं सगळं विसरले. अर्जावर नाव बिनधास्त लिहिते मी. पण तोंडाने घेतलं ते लग्नात, उखाण्यात, तेवढंच. आमच्याकडे घेत नाहीत. दहा वर्षांची सवय आहे, तोंड मिटूनच जातं.

३ मार्च
शाळेत बोलावलं होतं. मॅडम म्हणाल्या, "सम्यकाला काय झालंय? सगळ्यांच्या पुढे होती, आता आकडेसुद्धा चुकवते. घरी अभ्यास घेता ना रोज?"
रोज घेते. घरी आल्यावर विचारलं तर दाराला खिडकी म्हणते, खिडकीला ड्रम. डोळ्यात बघत नाही. माझ्या धसक्याने पोर बिघडली की काय? डॉक्टरला दाखवावं का?

६ मार्च, रवि.
फोनवर स.ला काहीही विचारलं की एकच, "निश्त." म्हणजे नाही. हे माझ्यावरच चिडले. मी ऐकून घेतलं.

७ मार्च
कळलं.
भांडी घासत होते. ती ओट्याखाली बाहुलीला शिकवत होती. दार, खिडकी, आकडे, सगळं घडाघडा, एक चूक नाही. मी समोर गेले तशी रडायलाच लागली.
"ज्याचं पक्कं त्याला आधी नेणार ना? मी कच्ची झाले की आपण दोघी बरोबर जाऊ."
राखेच्या हातांनीच पोटाशी धरलं. "खरं खरं बोलत जा बाळा" असं म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. राहू दे ना कच्ची! कुणाचं काय जातं?
आता ही भीती नवीन. खोटं चुकता चुकता खरंच विसरली तर? आणि तिला तसं करू देणारी मीच.

१२ मार्च
दुसऱ्याच दिवशी ठरवलं. स.ला सांगितलं, तू सगळं बरोबर बोलायचं. मी पास होते. शप्पथ घ्यायला लावली तिने, माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून. घेतली.
आता तीच माझी मॅडम. संध्याकाळी प्रश्न विचारते, मी उत्तरं देते. इश कोमं, म्हणजे मी येते, इथून सुरुवात. नवऱ्याच्या नावापाशी आले की सासूबाईंकडे नजर जाते आणि थांबते. तीन दिवस त्यांनी बघितलं. आज काठी घेऊन उठल्या. "मी बाहीर बसते वट्ट्यावर. तू म्हण काय म्हणायचं ते."
तरी हळूच म्हटलं. स. म्हणाली, "लाउटर!" मोठ्याने. पुन्हा म्हटलं.

१९ मार्च
उदगीर जिल्हा होणार अशी पुन्हा हवा आहे. सासूबाईंचं गाव तिकडचं, त्या खूश. स.ने पत्ता लिहायचा गृहपाठ अर्धा टाकून विचारलं, "जिल्हा बदलला तर पप्पांना घर सापडंल का आपलं?" हसायला हवं होतं. नाही आलं हसू.
ह्यांनी तिच्या पासपोर्टचे कागद मागवलेत. फक्त तिच्या.

२ एप्रिल, पुणे
झाली परीक्षा. लेखी ठीक. तोंडीत बाईंनी विचारलंच. मान खाली घालून नाव घेतलं. त्यांना ऐकू आलं नाही, पुन्हा म्हणा म्हणाल्या. पुन्हा घेतलं. आवाज फाटला. त्यापुढे काय बोलले ते आता आठवत नाही. बाई लिहीत होत्या.
बसमध्ये बसलेय. घरी गेल्यावर स. विचारणार, काय सांगू?

१० एप्रिल, रवि.
निकाल नाही. पाणी रेल्वेने येणार म्हणतात. रोज दोन्हीची वाट बघून राहिलो.
दुपारी फोन आला. सासूबाई चहा पीत समोर. हे म्हणाले, जयभीम झाला, सगळे बरे ना, आणि मग स.शी जर्मन सुरू. ऑगस्टचं काहीतरी विचारलं, तेवढा महिना कळला. स. उभी राहिली. शाळेत राहतात तशी, हात सरळ.
"इश कोमं निश्त ओने मुटर."
मला कळलं. सगळं. कुणाला विचारावं लागलं नाही.
स.ने फोन माझ्या हातात दिला आणि माझा पदर धरला. मी हॅलो हॅलो केलं. फोन चालूच होता.
"मिलिंद," मी म्हटलं, "ऐकलंत ना?"
सासूबाईंनी कप खाली ठेवला. उठल्या नाहीत.