मी फक्त वाचत होतो

ती. सौ. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी दोन्ही गुडघे सध्या सामील होत नाहीत. ते मनाने वाकले आहेत असं समज.) तुझी कंबर कशी आहे? मेहुणेबुवांचा खोकला गेला, की अजून घरातच मुक्काम ठोकून आहे? त्यांना म्हणावं, औषध घेऊन कपाटात ठेवल्याने कपाटाचा खोकला बरा होतो, माणसाचा नाही. इकडे सगळे खुशाल. दुकान ठीक चाललंय. लोकांचे डोळे बिघडतात, काड्या मोडतात, आपलं पोट भरतं. बायको बरी आहे आणि मी चुकतो तिथे मला लगेच सांगते, म्हणजे दिवसभर तिला काम असतं.

आता तुझ्या कानावर एव्हाना काहीबाही आलंच असेल, म्हणून आधीच खुलासा करतो. मी दादाशी बोललेलो नाही. अनेकांनी पाहिलं, ऐकलं, असं तुला कळवलं जाईल. ते सगळे चुकीचं ऐकतात. मी बोलत नव्हतो, वाचत होतो. बोलणं वेगळं आणि वाचणं वेगळं, हे तुझ्यासारख्या शिकलेल्या बाईला मी सांगायला नको. काय घडलं ते क्रमाने सांगतो. (क्रम मध्येच सुटला तर सांभाळून घे. दुकानात बसून लिहितोय, आणि आत्ताच एक बाई चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा हरवला म्हणून सांगायला आल्या होत्या.)

आमच्या वाचनालयात नव्या ग्रंथपालबाई बदलून आल्यात. वयाने लहान, अंगात उत्साह इतका की पुस्तकांची धूळसुद्धा त्यांना बघून उठून बसते. त्यांनी कुठेतरी पत्रव्यवहार करून एक फिरता चित्रपट महोत्सव आमच्या गावात आणला. देशोदेशींचे सिनेमे, तीन दिवस, वाचनालयाच्या वरच्या सभागृहात, सगळ्यांना फुकट. एका गाडीतून पडदा आला, यंत्र आलं, दोन दाढीवाले आले आणि जाड बूट घातलेली एक परदेशी दिग्दर्शिकाही आली. आता यंत्र म्हटलं की भिंग आलं, आणि भिंग म्हटलं की मी आलो. त्यांच्या यंत्राच्या भिंगावर कुणाच्या तरी अंगठ्याचा ठसा होता. मी माझं मऊ फडकं आणि बाटलीतलं द्रावण घेऊन गेलो आणि ते असं लखलखीत करून दिलं की दाढीवाल्यांनी माझा हात हातात घेतला. ग्रंथपालबाईंनी लगेच मला पहिल्या रांगेतली मानाची खुर्ची जाहीर केली. इथवर सगळं छान.

घोळ पुढे झाला. बाई नव्या असल्यामुळे त्यांना गावातल्या कुणाचं कुणाशी पटतं याची कल्पना नाही. उद्घाटनाला त्यांनी निवृत्त मुख्याध्यापक म्हणून कुणाला बोलवावं? दादाला! आणि त्याची मानाची खुर्ची कुठे ठेवावी? माझ्या खुर्चीला खेटून! मी आत शिरलो तेव्हा तो बसलेला होता. मागे वळून पाहिलं तर सभागृह गच्च भरलेलं. खिडकीच्या कट्ट्यावरही माणसं. आणि सगळे पडद्याकडे नाही, आमच्याकडे बघत होते. सिनेमा सुरू व्हायच्या आधीच यांचा सिनेमा सुरू झाला होता. मी मुकाट्याने बसलो. शरीर त्याच्या शेजारी, मान उलट्या दिशेला. मानेला रग लागली ती अजून आहे.

आमचं का बिनसलं ते तू दोन्ही बाजूंनी ऐकलं आहेस. तरी माझी बाजू पुन्हा सांगतो, कारण ती खरी आहे. मी त्याला उत्तम चष्मा करून दिला होता. तो त्याने दुकानात घातला, पायरी उतरताना अडखळला आणि भरल्या दुकानात म्हणाला, “याने मला एकाच्या दोन पायऱ्या करून दिल्या.” मी म्हणालो, “पायरी एकच आहे, मुख्याध्यापकांनी पुन्हा मोजावी.” यात काय चुकीचं होतं? चष्मा काउंटरवर ठेवून तो गेला, तो गेलाच. तेव्हापासून त्याच जुन्या, दोऱ्याने बांधलेल्या चष्म्यावर तो दिवस काढतोय. गावात चष्म्याचं दुकान एकच, आणि ते माझं. (रस्त्यात तो विजेच्या खांबाला नमस्कार करताना दिसतो तेव्हा माझ्या व्यवसायाची किती बदनामी होते, याचा त्याने कधी विचार केलाय का?)

असो. दिवे गेले, सिनेमा सुरू झाला. कुठल्याशा बर्फाळ देशातला होता. एक म्हातारा शेगडीसमोर बसतो. बराच वेळ बसतो. मला वाटलं यंत्र अडकलं, माझ्या भिंगावर आळ येणार. तेवढ्यात म्हाताऱ्याने नाक पुसलं, तेव्हा जीव भांड्यात पडला. त्यांची भाषा आपल्याला कळत नाही, म्हणून पडद्यावर खालच्या बाजूला आपल्या भाषेत अक्षरं उमटत होती. लहान, पण सुरेख. आणि शेजारून एक आवाज आला. मला उद्देशून नाही हं, छताला उद्देशून.

“खाली काय लिहितायत कोण जाणे.”

थोड्या वेळाने छताला पुन्हा तेच सांगण्यात आलं, जरा केविलवाण्या सुरात. ताई, मी दगड नाही. मीही छताकडे बघून म्हणालो, “लिहिलंय, ‘दार लाव, वारा येतो.’”

झालं. तिथून मी एकेक ओळ वाचत गेलो. हळूच, ओठातल्या ओठात. तर मागून आवाज आला, “अहो, जरा मोठ्याने!” वळून पाहतो तर काय, तिसऱ्या-चौथ्या रांगेत माझी सगळी गिऱ्हाइकं बसलेली. म्हणजे ती मंडळी, जी वर्षानुवर्षं “पुढच्या महिन्यात येतो डोळे तपासायला” म्हणून दुकानावरून हात हलवत जातात! एकालाही धड दिसत नव्हतं. मला आधी संताप आला आणि मग, खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं. मी आवाज चढवला. म्हाताऱ्याला म्हाताऱ्यासारखं वाचलं, त्याच्या सुनेला सुनेसारखं. (सुनेच्या आवाजावर टाळी पडली.) ग्रंथपालबाई आधी ओठांवर बोट ठेवून धावत आल्या. मग तिथेच जिन्याजवळ उभं राहून ऐकू लागल्या. मध्यंतरात त्यांनी खुर्च्यांची मांडणीच बदलली. डावीकडे वाचणारे, उजवीकडे ऐकणारे. ऐकणाऱ्यांची बाजू आधी भरली. ज्यांना स्वच्छ दिसतं तेसुद्धा तिकडे घुसले.

दुसऱ्या दिवशी मी जरा उशिरा पोचलो. (बायकोने इस्त्रीचा सदरा घालायला लावला. म्हणाली, आता तुम्ही कलावंत आहात.) बघतो तर पुढच्या खुर्चीवर दादाचा रुमाल पसरलेला आणि दादा शेजारी पहारा देत बसलेला. तिथे बसू बघणाऱ्या पोस्टमास्तरांना त्याने मुख्याध्यापकी डोळ्यांनी हाकललं म्हणे. मी बसलो. त्याने रुमाल घडी करून खिशात घातला. आम्ही एक शब्द बोललो नाही. त्या दिवशी एका वाळवंटातल्या देशाचा सिनेमा होता आणि त्यात दोन जावा पाण्याच्या टाकीवरून भांडतात. ते मी असं रंगवून वाचलं की पिठाची गिरणी चालवणाऱ्या बाई धाकटीच्या बाजूने उभ्या राहिल्या. त्यांच्या सख्ख्या जाऊबाई मागच्याच रांगेत होत्या. त्या थोरलीच्या बाजूने उठल्या. सिनेमा थांबवून आधी तो प्रश्न मिटवावा लागला.

आता तिसरा दिवस. इथे जरा नीट लक्ष देऊन वाच.

शेवटचा सिनेमा त्या जाड बुटांच्या दिग्दर्शिकेचा. एका तळ्याकाठी एक बाई आणि तिचा म्हातारा शेजारी मिळून एक मोडकी नाव दुरुस्त करतात. बस, एवढंच. पण ताई, काय सांगू, त्या नावेने आम्हाला पार गुंतवून टाकलं. फळी बसेना की सभागृहातून “अरेरे” निघायचं. मध्ये एक मोठा तुकडा असा आहे की दोघं दमून काठावर बसतात, एकाच कपातून काहीतरी गरम पितात, आणि कोणी काही म्हणत नाही. खाली अक्षरं नाहीत. सगळीकडे शांत. ऐकणारी बाजू माझ्या तोंडाकडे बघतेय. शेजारी दादा बसलाय, तो दोऱ्याचा चष्मा नाकावर, मान थोडी पुढे, लहानपणी तू गोष्ट सांगायचीस तेव्हा बसायचा तसा. आणि काय झालं मला माहीत नाही, माझ्या तोंडून निघालं:

“‘दुपारी दुकान रिकामंच असतं. येत जा.’”

दादाने पडद्याकडे पाहिलं. त्याला अक्षरं वाचता येत नसली तरी अक्षरं आहेत की नाहीत एवढं दिसत असावं. म्हणाला, “खाली काहीच नाहीये.”

“आहे. बारीक आहे.”

“नावेत दुकान कुठलं?”

“मागच्या बाजूला आहे. दिसत नाही.”

त्याने दोऱ्याचा चष्मा नाकावर जरा वर सरकवला. मग छताला नाही, सरळ पडद्याला म्हणाला, “मग त्या म्हाताऱ्याला सांग, दुकानातली खुर्ची डुगडुगते, ती आधी नीट कर.”

मला पुढच्या दोन-तीन ओळी दिसल्या नाहीत. (भिंगावर वाफ धरली असावी. यंत्राच्या.) मागून ओरडा सुरू झाला, “वाचा की!” मग मी घसा साफ करून लागलो वाचायला, आणि शेवटी ती नाव पाण्यात उतरली. आधी कलली. सगळं सभागृह श्वास रोखून बसलं. मग सरळ झाली आणि तरंगली. ताई, अख्खं गाव उभं राहिलं! पोस्टमास्तरांनी टोपी उडवली, ती पंख्यात गेली. गिरणीच्या दोघी जावा एकमेकींच्या गळ्यात पडल्या. नाव आमचीच असल्यासारखे लोक एकमेकांचं अभिनंदन करत होते.

आणि त्या आनंदात माझ्यावर संकट कोसळलं. दिग्दर्शिका उठली. दाढीवाल्यांपैकी एक तिचं बोलणं आपल्या भाषेत सांगत होता. तिने आधी खूप आभार मानले, म्हणाली की माझ्या सिनेमाला अशी दाद कुठल्याच देशात मिळाली नाही. मग थेट माझ्याकडे बोट करून म्हणाली: मधल्या शांत तुकड्यात माझी पात्रं एक शब्द बोलत नाहीत, ती शांतता मिळवायला मी फार मेहनत घेतली, तर या गृहस्थांनी तेव्हा काय वाचलं? सगळ्यांच्या माना वळल्या. काय सांगू? चार लोकांत सांगू, की वीतभर अंतरावर बसलेल्या सख्ख्या भावाला दुकानात बोलवायला मला तुमच्या देशातली नाव लागली?

तेवढ्यात खुर्ची करकरली. दादा उभा राहिला. शाळेतल्या प्रार्थनेनंतर राहायचा तसाच ताठ. म्हणाला, “तिथे लिहिलेलं होतं.”

दाढीवाला चाचरत म्हणाला, “सर, मूळ सिनेमात तिथे काहीच नाही.”

“आमच्या प्रतीत होतं,” दादा म्हणाला. “मी इथेच बसलो होतो. मी स्वतः ऐकलं.” आणि तो बसला. मुख्याध्यापकाने एकदा सांगितल्यावर या गावात कोण उलट विचारणार? सगळ्या ऐकणाऱ्या बाजूने माना डोलावल्या. दाढीवाल्याने दिग्दर्शिकाबाईंना काय सांगितलं देव जाणे, पण त्या हसल्या, खाली आल्या आणि आम्हा दोघांचे हात एकदमच हातात घेतले. एका हातात माझा, एकात त्याचा. दोघांच्या मध्ये उभ्या राहून बराच वेळ हलवत होत्या.

सोमवारी दुपारी तो दुकानात आला. खुर्चीच्या पायाखाली मी पुठ्ठ्याची घडी सरकवलीच होती. बसून त्याने खुर्ची हलवून पाहिली आणि ‘हं’ केलं. मी त्याचे डोळे तपासले. (वयोमानाने डोळे कसे होतात बघ. वरची ठळक अक्षरं चुकला आणि अगदी खालची बारीक ओळ घडाघडा वाचून गेला. मग म्हणाला, अंदाजाने म्हटलं. अंदाज चांगला आहे त्याचा.) नंबर लिहून घेतला. तेव्हापासून तो रोज दुपारी वर्तमानपत्र घेऊन येतो आणि मी त्याला वाचून दाखवतो. अग्रलेख, हवामान, कोडंसुद्धा. उभ्या-आडव्या शब्दांची सूत्रं मी वाचतो, उत्तर तो देतो. यालाही लोक बोलणं म्हणतात. त्यांच्या तोंडाला कोण लागणार?

कळावे, लोभ आहेच, तो कमरेसकट सांभाळावा.

तुझा,
धाकटा

ता. क. : मेहुणेबुवांना सांग की आमच्या गावात आता परदेशी सिनेमा समजणारी माणसं राहतात. शहराच्या बढाया पुढच्या खेपेस जरा बेताने माराव्यात.

ता. क. दुसरा : एक छोटंसं काम होतं, खरं तर त्यासाठीच हे पत्र. दादाचा नवा चष्मा तयार आहे. काचा येऊन, बसवून, पुसून, खालच्या खणात ठेवलाय. मी त्याला ‘काचा अजून आल्या नाहीत’ असं सांगत असतो. देईन, न देऊन जातो कुठे? पण चष्मा मिळाला की पेपर तो घरीच वाचणार, हे तूच बघ. तर तू आपणहून त्याला पत्र लिही, की हल्ली चांगल्या काचांना फार वेळ लागतो, तुझ्या शेजारणीलाही थांबावं लागलं, धीर धरावा. तुझं तो ऐकतो. मी सांगितलंय असं मात्र लिहू नकोस.

वन्सं, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून ह्यांच्या नकळत दोन ओळी घालते. मोठ्या भाऊजींना नवा चष्मा उन्हाळ्यातच झालाय, लेकीकडे गेले होते तेव्हा. जाऊबाईंनी मला दाखवला. सोनेरी काडीचा आहे, त्यांना शोभतो. सिनेमाच्या तिन्ही दिवशी तो त्यांच्या आतल्या खिशात होता. आताही सकाळी तो लावून अख्खा पेपर वाचतात, मग खिशात घालतात, दोऱ्याचा नाकावर चढवतात आणि तोच पेपर घेऊन आमच्या दुकानात येतात. ह्यांना कळवू नका. ह्यांनी सांगितलंय तसं पत्र मात्र भाऊजींना नक्की लिहा. परवाच जाऊबाईंपाशी ते काळजी करत होते, की धाकट्याने चष्मा लवकर करून दिला तर पंचाईत होईल.