कप्तानाचा गुडघा

सायपान, शनिवार

प्रिय तोशिवोदादा,

आम्ही सामन्यासाठी इथे सुखरूप पोचलोय. जेवण बरं आहे. वहिनी तुला सुपारी मोजून देते ना?

रुलुकेडचा गुडघा थोडा सुजलाय. थोडा म्हणजे, पँट वर सरकत नाही इतका. काळजी करू नकोस.

काल कोचने पोरांना आपल्या पलाऊच्या संघाचा इतिहास ऐकवला. "आपला एक कप्तान फुटक्या गुडघ्यानिशी शेवटपर्यंत खेळला!" पोरांनी टाळ्या पिटल्या. तो कप्तान म्हणजे तू. पुढे त्या पायाचं काय झालं, ते मात्र कोणी विचारलं नाही. मेल्यांना इतिहाससुद्धा अर्धाच हवा!

आपल्या कुळात थोरल्या बाईच्या, म्हणजे आता माझ्या, होकाराशिवाय मुलगा मैदानात उतरत नाही, म्हणून आज सकाळी कोच माझ्या दारात आला.

"आजी, तो नसेल तर आपण हरू."

"मग हरा."

"देशाच्या अब्रूचा प्रश्न आहे!"

"देशाला स्वतःचा गुडघा असता, तर त्याने माझ्या नातवाचा मागितला नसता."

तुझ्या वेळी आईने हो म्हटलं होतं. मी नाही म्हटलं.

सामना सुरू आहे आणि आपण मागे पडलोय. रुलुकेड शेजारी बसलाय, पण माझं तोंडही बघत नाही. तूही चिडशील, ठाऊक आहे मला. खुशाल चीड. पण तो घरी आला की त्याला धक्क्यावर घेऊन जा, आणि होडीत चढायला तुला दोन माणसं कशी लागतात, ते त्याला बघू दे.

सध्या कोणालाच नकोशी झालेली,
तुझी बहीण एबिल