पांढऱ्या दोऱ्याची गणितं

बाई, तुमचा बिस्किटांचा डबा आज सारखा आठवतोय, कारण आज मी जिंकले आणि ते सगळ्यात आधी तुम्हाला सांगावंसं वाटलं. तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, तरी.

डब्यात जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेली गणितं असायची. वर्गातली निम्मी मुलं यंत्रमागावरच्या कामगारांची, त्यांनीच आणलेल्या चादरीच्या उरल्यासुरल्या सुताने तुम्ही गठ्ठे बांधायचात. सोप्यांना पांढरा दोरा, मधल्यांना हिरवा, अवघडांना लाल. तोंडी परीक्षेत पहिली दोन हिरव्यातली. ती कशी सुटतात ते बघून पुढची दहा कुठल्या गठ्ठ्यातून द्यायची ते ठरवायचात. माझी मैत्रीण पांढऱ्यातली दहाच्या दहा सोडवून नाचत जागेवर यायची आणि मी लालमधली जेमतेम चार. तिसरीतल्या पोरीला हे कसं सहन व्हावं? एकदा मी दोन्ही हिरवी मुद्दाम चुकले. तुम्ही पांढरा गठ्ठा उघडलात. पहिलं गणित मी इतकं झटकन सोडवलं, की तुम्ही चष्मा काढून माझ्याकडे बघत बसलात.

"खोटं चुकलीस की गं," तुम्ही म्हणालात. "किती बरोबर आली ते मी बघतच न्हाई. तू कुटं अडकतीस तेवढंच बघायचंय मला." आणि लाल गठ्ठा पुढे सरकवलात. मी रडत रडत चार सोडवली. लई राग आला होता तुमचा.

आता मी इथेच, अक्कलकोट रोडला, शाळांसाठी संगणकावरची परीक्षा बनवणाऱ्या कार्यालयात आहे. मूल बरोबर उत्तर देईल तसा प्रश्न अवघड होतो, चुकेल तसा सोपा. निदान आमच्या माहितीपत्रकात तसं छापलंय. यंदा या परीक्षेच्या निकालावरून शाळा पाचवीच्या तुकड्या पाडणार होत्या, आणि खालच्या तुकडीत गेलेलं पोर वर यायला किती झगडतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. म्हणून मी स्वतः परीक्षेला बसले आणि मुद्दाम चुकत गेले. सहा प्रश्न चुकले, तरी प्रश्न काही सोपे होईनात. साहेबांना सांगितलं तर ते म्हणाले, "मॅडम, कॉम्प्युटरच निवडतोय की प्रश्न. मग ते मुलाशी जुळणारच."

मी हट्टाला पेटले. सराव परीक्षेला बसलेल्या प्रत्येक मुलाची उत्तरांवरून निघालेली कुवत एका बाजूला मांडली आणि त्याला आलेले प्रश्न सरासरी किती अवघड होते ते दुसऱ्या बाजूला. परीक्षा खरंच मुलाकडे बघत असेल तर दोन्ही आकडे बरोबरीने चढायला हवेत. आमचे चढतच नव्हते. हुशार असो की अडखळणारं, सगळ्यांना जवळपास सारखेच प्रश्न. कारण साधं होतं: प्रश्नांच्या साठ्यात सगळी हिरव्या दोऱ्याचीच गणितं. संगणक बिचारा निवडणार तरी काय? बैठकीत मी तो आलेख भिंतीवर लावला. साहेब म्हणाले, "चुकलंच आपलं. शाळांना कळवा, तुकड्या पाडायचं थांबवा." बाई, मला उडीच मारावीशी वाटली.

मग दोन महिने आम्ही चौघीजणी पांढरी आणि लाल गणितं लिहीत बसलो. नवा सराव घेतला, पुन्हा मोजलं. मूल तसे प्रश्न, दोन्ही आकडे सोबतीने वर. आज परीक्षा मंजूर झाली आणि साहेबांनी स्वतः पेढे वाटले. कुणीतरी विचारलं, हे कुठे शिकलात? मी म्हटलं, तिसरीत. सगळे हसले. त्यांना थट्टा वाटली.

हे पत्र टपालात पडणार नाही, म्हणून एक सांगून टाकते. शेवटची खात्री करायला काल मी पुन्हा परीक्षेला बसले, पुन्हा मुद्दाम चुकले. तिसऱ्या चुकीनंतर पडद्यावर आलं, सात अधिक पाच. काम तिथंच संपलं होतं, उठायला हवं होतं. पण मी ते झटकन सोडवलं आणि पुढच्या सोप्याची वाट बघत बसले. परीक्षेने लगेच अवघड टाकलं. मला पुन्हा तुमचा राग आला, बाई. एकदा तरी मला पांढऱ्यातली दहाच्या दहा हवी होती.