शिट्टीविरुद्ध पन्नास फॉर्म

रविवार, ३ मार्च. दुपारी १२.
घोर अन्याय. बोर्डगेम क्लबच्या वार्षिक टुर्नामेंटमधून पहिल्याच फेरीत बाद. कारण काय, तर बारा मिनिटं उशीर! दहा मिनिटांचीच सूट असते म्हणे. मी काय झोपा काढत होतो? बक्षिसाच्या फोटोसाठी दाढी करत होतो.
हे केलं शिट्टीने. शिट्टी म्हणजे आमचा संयोजक. धंद्याने चष्मेवाला, गळ्यात कायम शिट्टी. गेली नऊ वर्षं फुकट टुर्नामेंट भरवतोय. फुकट राबणाऱ्या माणसावर माझा काडीचा विश्वास नाही.
सात एप्रिलला क्लबची मीटिंग. त्यात पुढच्या वर्षीचा संयोजक ठरतो. त्या दिवशी याची जिरवली नाही तर नाव बदलेन.

सोमवार, ४ मार्च.
ऑफिसात तक्रारीचा मसुदा केला. 'सदर संयोजक उद्दाम, पक्षपाती व घड्याळवेडे असून त्यांना तत्काळ दूर करावे.' काय झरझर सुचत गेलं! खाली सही, साक्षीदाराची सही. संयोजकाच्या नावाची जागा मुद्दाम कोरी ठेवली, म्हणजे शिट्टीनंतर येणाऱ्यालाही फॉर्म चालेल. याला म्हणतात दूरदृष्टी.
पन्नास कॉप्या काढल्या. एक मशीनमध्ये अडकली, ती साहेबांनी ओढून काढली आणि वाचली. हे आपल्याबद्दल आहे का, असं विचारलं. नाही म्हटल्यावर जरा हायसं वाटलं त्यांना.

शनिवार, ९ मार्च.
आतापर्यंत सह्या: एक. माझी.
मेहुणा क्लबात आहे, पण सख्खा मेहुणा असून सही करेना. शिट्टी भला माणूस आहे म्हणे. क्लबातल्याच दातांच्या डॉक्टरांकडे गेलो, तर त्यांनी उलट मलाच विचारलं, उशीर झाला होता की नव्हता? मुद्दा तो नाही, असं सांगितलं. मग म्हणाले, एवढं सोपं वाटतंय तर तुम्हीच एक भरवून दाखवा.
दाखवतो! ३१ मार्च, आमच्या सोसायटीचा हॉल. त्यात आहे काय एवढं? टेबलं मांडायची आणि शिट्टी फुंकायची. या डॉक्टरांचंही नाव यादीत घेतलंय. शिट्टीच्या खालोखाल.

रविवार, १७ मार्च.
तयारी जोरात. शिट्टी घेतली. त्याच्यापेक्षा मोठी आहे. बाकीचं वेळेवर होईल.
जोड्या कशा लावणार, असं हिने विचारलं. डोक्यात आहे म्हटलं. खेळणारे विषम आले तर? म्हटलं, येतीलच कसे विषम? बायकांना उगाच शंका फार.
संध्याकाळी कळलं की शिट्टीने स्वतः सगळ्या क्लबला मेसेज केलाय, नवा संयोजक आहे, आवर्जून जा. घाबरला! आता लाडीगोडी लावतोय.

शनिवार, ३० मार्च.
शिट्टीचा फोन. वाळूची घड्याळं आणि सुट्या सोंगट्या पाठवू का, म्हणून. शत्रूची घड्याळं? तोंडावर नाही म्हटलं. दिवसभर बरं वाटत होतं.

रविवार, ३१ मार्च. सकाळी ८.
आज सूड. कोरे फॉर्म बरोबर घेतलेत. माझी टुर्नामेंट बघितल्यावर लोक आपणहून सह्या करतील.

१०.४०.
वेळ दहाची होती. पण संयोजक पोचतो तेव्हाच टुर्नामेंट सुरू होते, त्यामुळे याला उशीर म्हणता येणार नाही. दाराबाहेर तेवीस माणसं उभी. किल्ली घरी राहिलेली.

११.३०.
तेवीस ही विषम संख्या आहे. एक माणूस उरतो. डॉक्टरांना बसवून ठेवलं. फिट्टंफाट.

१२.१५.
दुसऱ्या फेरीतही डॉक्टरच उरले. हे मी मुद्दाम केलेलं नाही. मेहुण्याची गाठ पुन्हा त्याच माणसाशी पडली. सोंगट्या कमी पडल्या म्हणून शर्टाची तीन बटणं दिली.

१२.४०.
एक बाई फेरीला बारा मिनिटं उशिरा आल्या. बाद केलं. नियम म्हणजे नियम! त्यांना खुर्च्या आणायला मीच वर पाठवलं होतं, हे मागाहून आठवलं.

१.३०.
शिट्टी फुंकली. कोणी ऐकेना. पुन्हा फुंकली. शिट्टीला फोन केला.

संध्याकाळी ६.
पंधरा मिनिटांत आला, पिशवी घेऊन. आधी घड्याळं आणि सोंगट्या टेबलांवर मांडल्या. त्या बाईंना परत घेतलं, जोड्या नव्याने लिहिल्या, आणि स्वतः डॉक्टरांसमोर खेळायला बसला. विषम असले की तोच बसतो, कोणाला रिकामं बसावं लागू नये म्हणून. जिंकला तरी स्वतःचे गुण धरत नाही. नऊ वर्षं मला वाटायचं, याला खेळायची हौस!
एक टेबल डुगडुगत होतं. त्याने गठ्ठ्यातला वरचा कागद घेतला, घडी घातली, पायाखाली सरकवला. माझा फॉर्म होता.
उरलेला गठ्ठा मी हॉलमध्येच विसरलो.

रविवार, ७ एप्रिल. मीटिंगनंतर.
तेवीस तक्रारी आल्या. सगळ्या माझ्याच फॉर्मवर. संयोजकाच्या जागी सुवाच्य अक्षरात माझं नाव. पहिली डॉक्टरांची, दुसरी मेहुण्याची. साक्षीदार म्हणून तेवीसच्या तेवीस फॉर्मवर हिची सही. हॉल झाडायला गेली होती, तिथेच तिला गाठलं म्हणे सगळ्यांनी.
शिट्टी एकमताने पुन्हा संयोजक. त्याची मात्र तक्रार नव्हती. जिन्यात गाठून विचारलं, तुम्ही का नाही भरलात? म्हणाला, माझं पहिलं वर्ष याहून वाईट गेलं होतं, फक्त तेव्हा कोणाकडे छापील फॉर्म नव्हता.
याला धडा शिकवणार होतो मी.

रात्री जेवणाआधी.
गठ्ठा परत मिळाला. चोवीस फॉर्म कोरे आहेत. एकाच्या पाठीवर शिट्टीचे आभार लिहायला बसलो. 'आपण नऊ वर्षं' इथपर्यंत आलंय. तासभर झाला, पुढचं सुचत नाही.
पुढच्या टुर्नामेंटला त्याने मला काम दिलंय. नऊ वाजता हजर राहायचं आणि डुगडुगणाऱ्या टेबलांखाली कागद घालायचे. कागद माझ्याकडचेच आणायला सांगितलेत.